बादलीचे तीन ठोके

विहिरीत बादली सोडण्याआधी जगदेवी ती काठाच्या दगडावर तीनदा आपटायची. मग आत वाकून पाहायची. पाण्यावर आलेली कासवं डोकी ओढून खाली बुडाली, की मगच दोर सैल करायची. त्या पाण्याच्या पहिल्या तांब्यानं तिची लिंगपूजा व्हायची. बिदरकडच्या निर्णा गावाच्या अलीकडे असलेल्या आमच्या वाडीत त्यावरून चेष्टा चाले.

"अव्वा, आज तीर्थात कासवाचं मूत किती?" शेजारचा पिराजी विचारायचा.

"तुज्या तोंडाला पुरंल तेवढं हाय. ये प्यायला."

कासवं मूळची तळ्यातली. तळ्याच्या वरच्या अंगाला औषधांचा कारखाना झाला आणि ओढ्यातून पिवळा फेस उतरू लागला. आधी बेडूक गेले. एका पावसाळ्यात तळं गप्पच राहिलं. मग काठावर कासवं मरून पडू लागली. जगदेवीनं उरलेली सात घमेल्यात घातली, पदरानं झाकून शेतात आणली आणि बादलीतून एकेक विहिरीत सोडली. विहीर खोल, सरळ बांधलेली, पायऱ्या नसलेली. तिला वाटलं, सुटली बिचारी.

चूक तीन वर्षांनी कळली. बादलीत लिंबाएवढं, पांढरं, नासलेलं अंडं आलं. ओंजळीत घेऊन ती शाळेतल्या विजयेंद्र मास्तरांकडे गेली.

"अव्वा, कासवी अंडी मातीत घालते. काठावर चढून, उकरून. तुमच्या विहिरीत चढायला काठ कुठंय?"

"पर कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवती म्हन्तेत की. ती ह्या काठाला, पिल्लं त्या काठाला. म्हून म्या म्हन्लं, पानी असलं की झालं."

मास्तर हसले नाहीत. कीर्तनात त्यांनीही हेच ऐकलं होतं. "नजर नंतर, अव्वा. आधी पिल्लू अंड्यातून निघायला पाहिजे. जंगलवाल्यांना सांगू या का?"

"कासव ठिवनं गुन्हा हाय म्हनं. मला नेतेत का?"

"तुम्हाला नाही नेणार. कासवं नेतील."

"आन् सोडतील कुठं? ह्याच तळ्यात की."



तरी तिनं एकदा करून पाहिलं. सगळ्यात मोठी कासवी स्वतः तळ्यात नेऊन सोडली. आठव्या दिवशी ती गाळात उताणी सापडली. जगदेवीनं तिला बांधाला पुरलं. विहिरीत सहा उरली.

मग तिनं घमेलं मातीनं भरलं आणि चार दोर बांधून पाण्याच्या पातळीला लोंबतं सोडलं. पाणी उतरलं की दोर सैल करायचे, चढलं की ओढायचे. मुलगा महेशकुमार वैतागला.

"अव्वा, आता विहिरीत शेती करायलीस व्हय?"

"तू बाहीरची तर कर नीट."

गाठी मात्र त्यानंच आवळून दिल्या.

कासवं घमेल्यात चढली. उन्हात मान ताणून बसू लागली. एका कासवीनं माती उकरायलाही घेतली. पण घमेलं चार बोटं खोल. तिची नखं लोखंडाला लागत. खर्र, खर्र. तो आवाज विहिरीतून वर येई. थोड्या वेळानं ती पाण्यात उतरून जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरायला येई. जगदेवी काठावर बसून ऐकायची. एकदा सुनेला, मल्लेश्वरीला म्हणाली, "म्या त्यान्ला जगवलं का कोंडलं, गं?"

"आत्याबाई, भाकरी खाऊन घ्या," मल्लेश्वरी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

घमेलं पुरत नाही म्हणून जगदेवीनं महेशकुमारकडून पाण्याचा निळा ड्रम मधोमध कापून घेतला. तळाला भोकं पाडली. तळ्याच्या जुन्या काठाची, फेस पोचला नव्हता तिथली माती डोक्यावर वाहून आणून त्यात भरली. माती चांगली हातभर झाली. ड्रम इतका जड झाला की टांगायला लोखंडी कप्पी लागणार होती. ती आणायची राहिली.

संक्रांतीनंतर तिला ताप भरला. श्वास लागला. बिदरला न्यायला जीप दारात आली, आणि बिदरहून ती परतली नाही. विहिरीत तिला एकही पिल्लू दिसलं नाही.

जीपमध्ये बसवताना तिनं पाहिलं, मल्लेश्वरीच्या हातात रिकामी बादली होती.

"मल्लव्वा," ती म्हणाली, "आपटल्याबिगर सोडू नको गं. खाली डोकी असतेत."