कॉलरा म्हणणारा मंत्री

प्रिय लेनर्ड,

तुझ्या पक्षाची मंडळी परवा घरी येऊन गेली. तुला पंच्याहत्तर पूर्ण होताहेत, पुस्तिका काढायची आहे, चार पानं लिहा म्हणाली. 'सिंह', 'झंझावात' असले शब्द यावेत अशी त्यांची इच्छा दिसली. मी सांगितलं, पंचावन्न वर्षं त्याला ओळखते आणि त्याची एकही सभा जांभई न देता ऐकलेली नाही. लिहीन ते मला दिसलं तसं. तेव्हा तूच आधी वाच आणि खोडायचं ते खोड.

तू बेंबा जमातीचा, मी न्गोनी. आपल्या पणजोबांनी एकमेकांवर भाले चालवले, म्हणून आपण एकमेकांवर जीभ चालवायची आणि कुणी रागवायचं नाही, अशी ही थट्टेची सोयरीक. शिक्षक महाविद्यालयात पहिल्याच दिवशी तू विचारलंस, "काय गं उंदीरखाऊ, डब्यात शेपटी आहे का?" मी म्हटलं, माकडं खाणाऱ्यांना शेपटीचं कसलं अप्रूप. तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे.

पुढे तू कासामा गावी भूगोल शिकवायला गेलास आणि एका शिक्षकसभेत छप्पर नसलेल्या शाळांची यादी पाऊण तास वाचून दाखवलीस. सगळे पेंगले. एक माणूस जागा राहिला, तो म्हणजे म्हातारा. तेव्हा तो शिक्षक संघटनेचा पुढारी होता, पुढे देशाचा अध्यक्ष झाला. त्यानं तुला उचललं. तुझे वडील गेलेले, तर फेबीशी तुझं लग्न ठरलं तेव्हा बोलणी करायला वडिलांच्या जागी तोच बसला. आमच्या वस्तीतून तुला निवडून आणलं त्यानं, आणि आरोग्यमंत्री केलं त्यानंच. तू त्याच्यासमोर कधी खुर्चीला पाठ टेकून बसला नाहीस. हे सगळं यासाठी लिहिते की पुढे तू काय गमावलंस ते तुझ्या पक्षातल्या नव्या लोकांना कळावं. त्यांना वाटतं, तू फक्त एक मोटार गमावलीस.

त्या वर्षी निवडणूक तोंडावर होती आणि वस्तीत माणसं मरत होती. कॉलरा म्हटलं की बाजार बंद, सभा बंद, मयताच्या घरची जेवणं बंद. म्हणून वरून हुकूम होता, तो शब्द उच्चारायचा नाही. तू रेडिओवर 'हगवणीची किरकोळ साथ' म्हणत राहिलास. आणि आम्ही रीतीप्रमाणे मयताच्या घरी जमत राहिलो, जेवत राहिलो, आणि प्रत्येक जेवणामागे आणखी दोन मयतं होत राहिली.

माझ्या शेजारची टोमॅटोवाली एस्नार्ट गेली तेव्हा तू आलास. पुरुष अंगणात शेगडीभोवती, बायका आत जमिनीवर. मक्याच्या पिठाचा न्शिमा आणि कोबी बाहेर आला, आणि हात धुवायचं तसराळं फिरू लागलं. एकच तसराळं, सगळ्यांना. मानानं ते आधी तुझ्यापुढे यायचं. पण मयताच्या घरी थट्टेच्या सोयऱ्याला वाट्टेल ते करायची मुभा असते. मी आतून उठून आले, ते हातात घेतलं आणि तुला सोडून बाकी सगळ्यांसमोरून फिरवलं. तीसेक जणांचे हात त्यात बुडून निघाल्यावर तुझ्यापुढे गुडघ्यावर बसले.

"घ्या मंत्रीसाहेब," मी म्हटलं. "हात नका धुऊ, प्या. पाण्यात काही नाही असं तुम्हीच रोज सांगता."

अंगण हसलं. तुझा सुरक्षारक्षक पुढे झाला, तर एस्नार्टच्या सासऱ्यानं त्याला कोट धरून खाली बसवलं. म्हणाला, ही त्यांची सोयरी आहे, तुला यात बोलायचं काम नाही.

तू टोमणा परत करशील म्हणून मी वाट पाहत होते. तू टोमणा कधी उधार ठेवत नाहीस. पण तू तसराळं दोन्ही हातांत घेतलंस. मग उठून भिंतीमागच्या गटारात ते पाणी ओतलंस.

"इथं कुणी जेवू नका," तू म्हणालास. "हा कॉलरा आहे. एस्नार्ट त्यानंच गेली. मला दहा दिवसांपासून माहीत आहे."

त्या दहा दिवसांची मी तुला माफी दिलेली नाही. तूही स्वतःला दिलेली नाहीस, म्हणून तर आपलं जमतं.

संध्याकाळी म्हाताऱ्याचा फोन आला. फेबीनं मला नंतर सांगितलं, तो ओरडला नाही, उलट विनवत होता. दुःखाच्या भरात बोलून गेलो एवढं म्हण, बाकी मी सांभाळतो. तू उभा राहून ऐकलंस, "नाही, बाबा" म्हणालास आणि फोन ठेवलास. सकाळी रेडिओवर तोच शब्द तीनदा म्हणालास, आणि कुठल्या विहिरींचं पाणी प्यायचं नाही त्यांची यादी वाचलीस. नेहमीसारखीच कंटाळवाणी. त्या दिवशी मात्र कुणी पेंगलं नाही.

दुपारपर्यंत पद गेलं, मोटार गेली. तू मिनीबसनं घरी आलास. कंडक्टर ओरडला म्हणे, "सरका रे, मिनिस्टरसाहेब येताहेत, आता त्यांना अर्धीच सीट पुरते." हसणाऱ्यांत तूही होतास.

तिसऱ्या आठवड्यात मयतं थांबली. आणि बाजार बंद पडला म्हणून चिडलेल्या त्याच बाजारवाल्यांनी तुला पाडलं. तू विरोधी पक्षात गेलास, म्हणजे तीन खुर्च्या आणि एक गळकी खोली. सभेला परवानगी मिळेना, तर तू बोअरच्या रांगेत उभा राहून बायकांशी पाण्याबद्दल बोलायचास. घरी फेबीनं गुलगुले तळून विकले. दुसऱ्यांदाही पडलास. तुझ्याबरोबर पक्षातून बाहेर पडलेले चौघे एकेक करून सत्तेत परतले. आमच्याकडे परतणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, मोठी गाडी पाठवतात. तुझ्याकडेही दोनदा आली. तू ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवलंस. तुझ्या टोप्यांची आणि लांबलेल्या भाषणांची मी जन्मभर चेष्टा केली, पण या चहाची कधी केली नाही.

आता एक गोष्ट, जी पुस्तिकेत घालायची की नाही ते तू ठरव.

तिसऱ्या निवडणुकीच्या दोन महिने आधी म्हाताऱ्याचा ड्रायव्हर तुझ्यासाठीचा निरोप घेऊन माझ्या फाटकाशी आला. म्हातारा तोवर सत्तेवरून उतरून शेतावर राहत होता. भांडलेल्यांचा निरोप सोयऱ्यानंच न्यायचा असतो, म्हणून तो माझ्याकडे आला. मी आणलेल्या निरोपाला तू नाही म्हणू शकला नसतास. मला तीच भीती वाटली. वाटलं, 'बाबा' म्हणून तिथे गेलास की पाघळशील आणि परतशील. ज्याची एवढी वाखाणणी करत आले त्याच्यावर माझा तेवढा भरवसा नव्हता. निवडणूक होऊ दे, मग सांगते, असं मनाशी म्हटलं. निवडणूक झाली, तू निवडून आलास. तोवर म्हातारा इस्पितळात होता आणि माणसं ओळखत नव्हता. त्याच्या अंत्ययात्रेत तू अगदी मागे उभा होतास. मी तुझ्या शेजारी होते. तेव्हाही बोलले नाही.

निरोप एवढाच होता: रविवारी जेवायला ये. राजकारण काढणार नाही.

एथेल जेरे