चार पपयांचा हेवा

ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथे पुढचं मूल झालं की ते कवडीला विकल्यासारखं करून परत घ्यायचं आणि त्याचं नाव कवडू ठेवायचं. मग मरणाची त्याच्यावर नजर पडत नाही म्हणे. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात असे तीन कवडू होते. त्यातल्या कवडू वासनिकवर मरणाची नजर पडली नाही हे खरं, पण माझ्या भाऊजींची नजर तीस वर्षं त्याच्यावरून हलली नाही.

भाऊजी म्हणजे देवीदास रामटेके, माझ्या थोरल्या बहिणीचे, भागीरथाताईचे यजमान. ते आणि कवडू एकाच दिवशी, एकाच गाडीने भिलाईला आले, पासष्ट साली. भाऊजी मॅट्रिक झालेले, म्हणून त्यांना पोलादाच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात, हजेरी मांडायला, टेबल मिळालं आणि डोक्यावर पंखा. कवडू आठवी पास, तो खलाशी, म्हणजे अवजड कामाचा मजूर, म्हणून भट्टीकडे गेला. त्या काळात भाऊजींचं कवडूवर फार प्रेम होतं. त्याची पत्रं तेच लिहायचे, अर्ज तेच भरायचे, सणाला त्याला जेवायला तेच बोलवायचे. आपण वरच्या पायरीवर असलो की खालच्यावर प्रेम करणं सोपं जातं.

मग कवडू रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाला. खात्याच्या परीक्षा एकामागून एक देत गेला. चार्जमन झाला, फोरमन झाला, स्कूटर आली. भाऊजी सायकलवरून त्याला ‘जय भीम’ करत आणि घरी येऊन ताईवर डाफरत. प्लांटच्या टाउनशिपमधल्या एकाच सेक्टरमध्ये दोघांचे क्वार्टर शेजारी शेजारी, मधे फक्त मेंदीचं कुंपण. त्यामुळे स्कूटर सुरू झाल्याचा आवाज भाऊजींना रोज सकाळी ऐकावाच लागे. त्यात कवडूची मुलगी शीला बंगलोरला जाऊन डॉक्टर झाली, तीही औषधाची नाही, झाडांच्या रोगांवर संशोधन करणारी. भाऊजींचा मुलगा जवळच्या जामुलला एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता, चांगला कमवत होता, पण भाऊजी चारचौघांत त्याचं नाव काढत नसत. मला त्याचा राग येई. मीही काही साधू नाही, तोवर मीही भिलाईत नोकरीला लागलो होतो आणि कवडूची स्कूटर पाहून माझ्याही पोटात दुखलं होतं, पण माझं दुखणं दोन दिवसांत थांबलं. भाऊजींनी ते पाळून मोठं केलं.

एकाच गोष्टीत ते कवडूच्या पुढे होते. पपई. त्यांच्या मागच्या अंगणात सहा झाडं होती आणि दर फेब्रुवारीत टाउनशिपमध्ये फुलाफळांचं प्रदर्शन भरे, तिथे पपईचा कप नऊ वर्षं त्यांच्याकडेच आला. ते कप टीव्हीवर ओळीने मांडलेले होते, आणि आलेल्या माणसाची नजर तिकडे जाईपर्यंत भाऊजी चहाला हाक मारत नसत. कवडूकडे स्कूटर होती, पोरगी होती, पण कप नव्हता. भाऊजींची झोप त्या नऊ कपांवर टिकून होती, असं म्हटलं तरी चालेल.

पंच्याण्णव साली कवडूला पपई लावायची हौस आली. बी मागायला तो भाऊजींकडेच आला. भाऊजींनी हसतमुखाने बी दिलं, पण सगळ्यात किरकोळ फळातलं. चार रोपं उगवली आणि चारही अशी तरारली की वर्षाच्या आत छातीएवढ्या उंचीवर फळांचे घोस लागले. पुढच्या प्रदर्शनात काय होणार, ते कुंपणाच्या या बाजूने स्पष्ट दिसत होतं.

नेमकं शहाण्णवच्या पावसाळ्याच्या शेवटी, दसऱ्याच्या तोंडावर, भाऊजींच्या एका झाडाच्या पानांवर फिकट पिवळे ठिपके आले. फळं बरी होती, झाडही वाढत होतं, पण पानं चितकबरी. रायपूर आकाशवाणीवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात त्यांनी ऐकलं होतं की हा विषाणूचा रोग, आजारी झाडाच्या रसातून निरोग्या झाडाला लागतो, तेव्हा असं झाड उपटून जाळा. भाऊजींनी झाड उपटलं आणि जाळलं. रोगासाठी नव्हे, कवडूने पाहू नये म्हणून. मात्र जाळण्याआधी त्यांनी ओंजळभर पानं बाजूला काढून ठेवली.

दसऱ्याला कवडूचं सगळं घर नागपूरला दीक्षाभूमीवर निघालं. भाऊजी दरवर्षी बरोबर जात, त्या वर्षी त्यांचा गुडघा दुखला. कवडूने कुंपणावरून सांगितलं, “देव्या, दोन दिवस झाडाले पाणी टाकजो.” भाऊजींनी मान डोलावली. मग त्यांनी ताईच्या खलबत्त्यात ती पानं कुटली, रसात चाळलेली बारीक वाळू मिसळली, म्हणजे पानाची साल खरवडेल, आणि फडक्याने कवडूच्या चारही झाडांची हाताला येतील तेवढी पानं चोळून काढली. मग पाणीही घातलं, सांगितलं तसं. लाखो माणसं ज्या दिवशी दीक्षाभूमीवर हात जोडून उभी होती, त्या दिवशी आमचे भाऊजी हे करत होते. मला हे पुढे कळलं त्या रात्री मला त्यांचं तोंडही पाहवेना. ताईने तो खलबत्ता दसऱ्यालाच मोलकरणीला देऊन टाकला होता, वास जात नाही म्हणून. का, ते तिने विचारलं नव्हतं.

भाऊजी वाट पाहत बसले. महिन्याभराने कवडूच्या पानांवर फिकट ठिपके आले आणि त्यांना त्या दिवशी दोन पोळ्या जास्त गेल्या. पण ठिपक्यांच्या पुढे काही होईना. फळं लागत राहिली. फेब्रुवारीचं प्रदर्शन आलं तेव्हा कवडूची पहिली फळं तोडून झाली होती, पुढची हिरवी होती, म्हणून कप कसाबसा भाऊजींकडेच राहिला. तो त्यांचा दहावा.

मग सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात खरा रोग आला. सगळ्या सेक्टरमध्ये पपयांची पानं आक्रसून बुटाच्या नाड्यांसारखी झाली, फळांवर वर्तुळं उठली, शेंडे वाळले. भाऊजींची उरलेली पाचही झाडं दिवाळीपर्यंत गेली. कुंपणापलीकडे कवडूच्या चार पपया मात्र हिरव्यागार उभ्या होत्या, तेच जुने फिकट ठिपके अंगावर घेऊन. कवडू भल्या मनाने दर आठवड्याला एक पिकलेली पपई ताईकडे पाठवी. भाऊजी ती तोंडाला लावत नसत. त्यांना काही उमजत नव्हतं. ज्यांना मारायला हात घातला ती जगली आणि जी लेकरासारखी वाढवली ती मेली, यात त्यांना एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे कवडूचं नशीब. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत कप कवडूला मिळाला. त्याने तो स्वयंपाकघरात चमचे ठेवायला वापरला. भाऊजींना हे सगळ्यात जास्त लागलं.

त्या एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीच्या व्याख्यानमालेत, आमच्या विहाराच्या हॉलमध्ये, एका संध्याकाळी वादाचा विषय ठेवला होता: पिकांमध्ये विषाणूचं जनुक घालावं की घालू नये. शीला सुट्टीवर आली होती, ती बाजूने बोलणार होती. विरुद्ध बाजूने बोलायला भाऊजींनी आपणहून नाव दिलं. त्यांना जनुक म्हणजे काय ते महिन्यापूर्वी माहीत नव्हतं. पण शीला ज्या बाजूला, तिच्या समोर उभं राहायचं एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. वर्तमानपत्रांची कात्रणं जमवून त्यांनी तयारी केली, आणि बोलले मात्र चांगले. ज्या विषाणूने आमच्या बागा खाल्ल्या, त्याचाच तुकडा कापून झाडाच्या बीजात बसवायचा, म्हणजे चोराला घरात घेऊन चौकीदारी द्यायची, असं ते म्हणाले. ते फळ लेकरांच्या पोटात जाणार. आणि उद्या तो तुकडा दुसऱ्या विषाणूशी जुळून तिसराच राक्षस उभा राहिला तर जबाबदार कोण? हॉलमध्ये टाळ्या पडल्या. भाऊजींनी कवडूकडे पाहिलं. कवडूही टाळ्या वाजवत होता.

शीलाने त्यांचं म्हणणं उडवून लावलं नाही. जुळण्याची भीती खोटी नाही, त्यावर आमच्यातच भांडणं चालू आहेत, आणि नीट तपासल्याशिवाय असं बियाणं कुणी शेतकऱ्याच्या हाती देऊ नये, असं ती म्हणाली. पोटाचं विचाराल तर ठिपक्यांची पपई आपण आजवर खात आलो, तिच्यात तुकडा नाही, आख्खा विषाणू असतो. मग तिने मूळ युक्ती सांगितली. झाडाला आधी सौम्य विषाणू लागलेला असेल तर त्याच जातीचा जहाल विषाणू त्याच्यात सहसा शिरू शकत नाही, हे साठ-सत्तर वर्षांपासून माहीत आहे. देवीची लस टोचायचे, साधारण तसंच. आता आख्ख्या विषाणूऐवजी त्याचं एकच जनुक घालून तेच साधायचं चाललं आहे. “आणि उदाहरण दूर कशाला,” ती म्हणाली, “बाबांचीच झाडं बघा. सगळा सेक्टर वाळला, ती वाळली नाहीत. पानांवर ठिपके आहेत, म्हणजे त्यांना कुठूनतरी सौम्य जात आधीच लागली असावी. निव्वळ नशीब.”

मी भाऊजींच्या शेजारी बसलो होतो.  काय झालं ते त्यांना समजलं होतं. कवडूची झाडं त्यांनीच वाचवली होती. तो कप त्यांचा होता, ती हिरवी पानं त्यांची होती, आणि सगळ्या हॉलमध्ये हे कुणालाही ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर इज्जत राहिली असती. दुसरा कुणीही माणूस गप्प बसला असता. पण नशीब हा शब्द त्यांना सोसला नाही. आणखी एक गोष्ट कवडूच्या खात्यावर फुकट जात होती.

ते उभे राहिले. “नशीब नाही,” ते म्हणाले. “ते मी केलं.”

लोकांना वाटलं, वादातलाच मुद्दा आहे. मग त्यांनी सगळं सांगितलं. पानं, खलबत्ता, वाळू, दसरा. झाडं मारायलाच गेलो होतो, हेही सांगितलं. माझी ताई बायकांच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती. मी खाली फरशीकडे पाहत राहिलो. भाऊजींच्या आवाजात मात्र लाज नव्हती, हक्क होता.  कवडू उठला, चपला घातल्या आणि निघून गेला.

शीलाला राग आला असेल, पण तिने विचारलं ते वेगळंच. ठिपके पहिल्यांदा कोणत्या झाडावर आले? ते झाड कुठे आहे? भाऊजींनी सांगितलं, जाळलं.  ती म्हणाली, “काका, इतकी सौम्य जात आम्ही चार वर्षं शोधून राहिलो. तुमच्या अंगणात होती ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेलो तेव्हा शीला कवडूच्या झाडांची पानं बंगलोरला न्यायला गोळा करत होती. भाऊजी मेंदीपाशी येऊन उभे राहिले. रात्रभर ते झोपले नव्हते, असं ताई म्हणाली. शीलाने पानं कागदात घडी घालून पाकिटात भरली आणि पाकिटावर लिहिलं: वासनिक, भिलाई. भाऊजींनी कुंपणावरून मान लांब करून ते वाचलं.

“माझं नाव टाक त्याच्यावर,” ते म्हणाले.

शीलाने शांतपणे सांगितलं की नमुना जिथून घेतला तिथलंच नाव लिहायचं असतं, आणि हा विषाणू तिच्या प्रयोगशाळेच्या कामी आला तर तिथल्या वह्यांमध्ये पुढे याच नावाने राहील. भाऊजींचा चेहरा मी पाहिला. मी कुणाच्या चेहऱ्यावर इतकी भूक पाहिलेली नाही.

तेवढ्यात कवडू मागच्या दारातून बनियनवर बाहेर आला.  त्याने भाऊजींकडे पाहिलं नाही, मुलीच्या हातातलं पाकीट पाहिलं.

“रामटेके लिही,” तो म्हणाला.

“पण बाबा, झाडं आपली आहेत.”

“झाडं आपली हायत. बी त्याचं, रोग त्याचा. पाणीही त्यानंच टाकलं होतं.” मग म्हणाला, “मी काय केलं त्याच्यात? मले तं माहीतही नव्हतं.”

शीलाने नाव खोडलं आणि रामटेके लिहिलं.  भाऊजींकडून आभार नाही, माफी नाही. ते वळले आणि घरात आले. मी त्यांच्या मागे गेलो. मला वाटलं, मिळालं एकदाचं, आता तरी हा माणूस शांत होईल. ते खाटेवर बसले आणि दहा कपांकडे पाहत राहिले. ताईने चहा पुढे ठेवला, तो तसाच निवला.

“भाऊजी, झालं ना मनासारखं?” मी विचारलं, थोडं टोचूनच.

त्यांनी चहा बाजूला सारला.

“नाव देऊन टाकलं त्यानं,” ते म्हणाले. “असं हातातलं काढून. मी त्याच्या जागी असतो तं देलं नसतं.”