पोस्टर माझं, भाषण अनघाचं

माश्यांच्या लॅबमध्ये किस्से जमायला वेळ लागत नाही. बाटलीचा बोळा जरा सैल राहिला की आठवड्यात खोलीभर माश्या होतात, तसंच हे! मी आणि अनघा पुण्यात एकाच लॅबमध्ये पीएचडी करतो. फळमाश्यांची उत्क्रांती हा आमचा विषय. मैसूरच्या कॉन्फरन्सला दोघी गेलो होतो, तिथलेच हे किस्से.

आधीच सांगून टाकते, मी जळत होते. चांगली खरपूस जळत होते! तिथे परदेशातले एक प्रोफेसर येणार होते. त्यांच्या लॅबमध्ये पुढच्या कामासाठी एकच जागा होती, आणि ती आम्हा दोघींनाही हवी होती. त्यात अनघाला भाषण मिळालं आणि मला पोस्टर. आमचे गाइड म्हणाले, "अगं, पोस्टरचं बरं असतं. लोक जवळ येऊन बघतात!"

आले ना! माझं पोस्टर कॉफीच्या टेबलाला लागून होतं. पहिल्या तासात नुसती रीघ. सगळ्यांनी एकच विचारलं, "साखर कुठे आहे?"

*

मी उतरले होते जयलक्ष्मीपुरमला, मावशीकडे. मावशीचं सासर पिढ्यान्‌पिढ्या मैसूरचं, त्यामुळे तिच्या मराठीत आता निम्मं कन्नड. एका दुपारी अनघाला जेवायला नेलं. चूकच झाली!

"अय्यो, किती गोड बोलतीस ग तू! आमची ही बघ, सुम्ने, गप्प बसतीय," म्हणत मावशीनं तिच्या भातावर तिसऱ्यांदा तूप ओतलं. मी वाटी पुढे केली.

"तुला बेडा, नको. तुझं पोट बिघडतंय."

आणि ही माझी सख्खी मावशी!

*

नव्या गावी गेलं की तिथल्या माश्या पकडायच्या, ही आमच्यातली रीत. त्यासाठी सडकी केळी लागतात. बाजारात मी फळवाल्याला म्हटलं, "चांगली नकोत, काळी पडलेली द्या." त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि टोपलीतली सगळी घाण माझ्या पिशवीत उपडी केली.

मग अनघा पुढे झाली. तिनंही तेच मागितलं. तो कळवळून म्हणाला, "छे छे, सडकी कशाला खाता, अम्मा?" आणि तिथली नावाजलेली रसबाळे केळी, चांगली अर्धा डझन, तिच्या हातात ठेवली. फुकट! माश्या माझ्या केळ्यांवर बसल्या हे खरं, पण म्हणून काय झालं?

*

तिच्या भाषणाच्या दिवशी मी मनातल्या मनात एकच म्हणत होते, प्रोजेक्टर बंद पडू दे. खोटं कशाला बोलू? आणि दुसऱ्याच स्लाइडला तो खरंच बंद पडला!

अनघानं खडू उचलला, फळ्यावर माशी काढली आणि वीस मिनिटं अशी काही बोलली की लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. माझ्या शापाचासुद्धा तिलाच फायदा! टाळ्या मीही वाजवल्या. दात-ओठ खात, पण वाजवल्या.

*

शेवटच्या दिवशी ते प्रोफेसर माझ्या पोस्टरपाशी आले. साखर मागितली नाही! ते म्हणाले, "तू अनघाच्याच लॅबमधली ना? तिला घ्यावं म्हणतोय. कामाला कशी आहे?"

घ्या! गेल्या महिन्यात तिनं चुकून दोन बाटल्यांच्या लेबलांची अदलाबदल केली होती. ते अगदी ओठांवर आलं होतं. एवढं वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण जळफळाट झाला तरी एका चुकीवरून तिचं खोटं चित्र रंगवायचं कसं?

"आमच्याकडे नुकत्याच कोशातून निघालेल्या माद्या पहाटेच वेचाव्या लागतात," मी म्हटलं. "उशीर झाला की त्या नरांत मिसळतात आणि प्रयोग वाया जातो. अनघा रोज सहाला हजर असते. दिवाळीतसुद्धा."

"रोज? तुला कसं माहीत?"

"दार मी उघडते, सर."