चपला राखून मिळवलेली पदवी

कॉलेजच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मी चपला घालून संगणकाच्या लॅबमध्ये शिरलो. मुरगूडहून सकाळच्या एस.टी.नं आलेलो, त्याआधी गोठ्यातून आलेलो, त्यामुळे चपलांना काय लागलं होतं ते लिहीत नाही. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा लॅब म्हणजे देवघर. ए.सी., जाड पडदे, यंत्रांवर कापडी झाकणं आणि माणसं अनवाणी. धुळीनं संगणक बिघडतो अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

सरांना आधी वास आला, मग त्यांनी खाली बघितलं.

"कुठलं गाव, पावणं?"

मी सांगितलं.

"म्हस भाईरच ठेवलीस, लई उपकार झालं."

वर्ग हसला. मीही हसलो, तेवढं करायला नको होतं.

"दात काढतोयस? जा, दारात बस. आजपास्नं समद्यांच्या चपला तू राखायच्या. चोऱ्या लई व्हाय लागल्यात."

मला वाटलं, आजच्यापुरतं असेल. वर्षभर चाललं. सगळे उठून गेले की उरलेला वेळ मला यंत्र मिळायचं, तेही सर किल्ल्या वाजवत उभे. बाकी वेळ मी दाराच्या काचेतून शिक्षण घेतलं. आत काय चालायचं, तर सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे, पोरं तो जर्नलमध्ये उतरवायची, मग यंत्रात टाकायची. एक अक्षर बदलायची सोय नव्हती. "माझ्या प्रोग्रामला हात लावायचा न्हाई," असा दम होता. माझे वर्गमित्र आजही रस्त्यात भेटले की मी आधी पाय बघतो, मग ओळख पटते.

त्या दारात बसून मी ठरवलं की ह्या माणसाची एक दिवस चारचौघांत जिरवायची. कशी, ते ठरलं नव्हतं. सुडाला बुद्धी लागते, आणि त्या वर्षी सगळी बुद्धी आत ए.सी.त बसलेली होती.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. पुण्याला का गेला नाहीस, असं लोक विचारायचे. आईला करमत नाही, असं मी सांगायचो. आईला माझ्याशिवाय उत्तम करमत होतं. मला सरांशिवाय करमत नव्हतं. ते आता विभागप्रमुख झाले होते, आणि रोज संध्याकाळी चहाबरोबर बायकोला त्यांची आजची बातमी मिळायची.

दोन हजारनंतरच्या एका वर्षी तपासणी समिती यायची ठरली. सरांनी मला बोलावलं.

"त्या अध्ययन निष्पत्ती का काय त्या लिहून आण. तीन वर्सांनी पोरगं काय करू शकतं, त्ये. समितीला वाचून गार वाटलं पायजे."

इतर विभागांनी 'सर्वांगीण विकास होईल', 'जाणीव निर्माण होईल' असलं लिहिलं होतं. विकास झाला नाही म्हणून कुणी कुणाला पकडत नाही. मी पकडता येईल असं लिहिलं. विद्यार्थी पूर्वी न पाहिलेला प्रोग्राम स्वतः लिहील. स्वतःची चूक स्वतः शोधील. केलेलं काम दुसऱ्याला कळेल असं सांगेल.

बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली. "हे येतं तुमच्या पोरांना?"

"सरांच्या पोरांना येत नाही."

"मग कशाला लिवताय?"

"म्हणूनच."

सरांनी टायपिंग नीटनेटकं आहे एवढं बघून सही ठोकली.

समितीच्या मॅडमना माझं लेखन फारच आवडलं. "चला, लॅबमध्येच बघू," त्या म्हणाल्या. तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल सर स्वतः घ्यायचे, आणि तेच चालू होतं. मॅडमनी हुपरीच्या एका मुलीला उठवलं. घरात चांदीची पैंजणं घडवायचं काम, रोज बसनं यायची, परीक्षेत पहिला नंबर.

"दिलेले आकडे चढत्या क्रमानं लावून दाखव."

तिनं धडाधड टाइप केलं. चाललं! सरांनी माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं.

"छान. आता उतरत्या क्रमानं लाव."

फक्त एक चिन्ह उलटं करायचं होतं. मुलीची बोटं थांबली. तिनं पडद्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं.

"मॅडम, हा जर्नलमधी न्हाई."

मॅडमनी माझं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं, मग दुसरं. तिसऱ्याची गरज पडली नाही. "सर, ही सही आपलीच ना?" भर ए.सी.त सरांनी कपाळ पुसलं. मी सवयीनं दारातच उभा होतो, आणि मला पेढे वाटावेसे वाटत होते.

मुलगी डोळे पुसत बाहेर आली आणि ढिगात चपला शोधायला लागली. मीच काढून दिल्या. जोडी कुणाची, हे मला अजून चटकन कळतं.

व्हरांड्यात सर जवळ आले. "लई भारी लिवलंस की रं."

"सही तुमची आहे, सर," मी म्हणालो. किती वर्षं वाट बघितली होती मी असं काहीतरी बोलायची!

घरी बायकोला सगळं अभिनयासकट सांगितलं. कपाळ पुसणं तर दोनदा करून दाखवलं. ती भाकरी थापत होती. ती कधी हसते, ह्याची मी वाट बघत राहिलो. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"सरांची जिरली ते झ्याक झालं," ती म्हणाली. "आता उद्या त्या पोरीला बोलवा आणि ते उतरतं लावायचं शिकवा. न्हाईतर एक दिवस तीबी कुणाच्या तरी सैपाकघरात उभी राहून असंच हातवारे करंल, आणि त्यातलं कपाळ तुमचं असंल."