गावाकडे सरकणारे खड्डे

रिसोड भागात मी फौजदार होतो, तेव्हाचे ते खड्डे अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणीबाणीच्या थोडे आधीची गोष्ट. वाशिम जिल्हा तेव्हा झाला नव्हता. हुकूम अकोल्याहून यायचे, आणि ठाण्यात एकच जीप, तीही ढकलल्याशिवाय सुरू न होणारी. गावाचे नाव सांगत नाही. रिठदच्या बाजूला कुठेतरी, असे समजा.

गव्हाच्या मळणीचे दिवस होते. एका सकाळी त्या गावचा पोलीस पाटील ठाण्यात आला. पांढरीवर, म्हणजे जुन्या उजाड गावठाणावर, रात्रीतून खड्डा पडला होता. माणूस आडवा मावेल एवढा, आत काहीच नाही. मी हसून सोडून दिले. पुढे दुसरा पडला, मग तिसरा, आणि प्रत्येक खड्डा आधीच्यापेक्षा गावाला जवळ. भिंतींवर ओरखडे होते. लोक म्हणाले, नखांचे आहेत. त्या बाजूच्या शेतांत मजूर जाईनात, दिवस मावळला की दारे लागू लागली. काहीतरी गावाकडे येत आहे, असे शहाणीसुरती माणसेही दबक्या आवाजात सांगत. खोटे कशाला बोलू, काठावर उभा राहून आत पाहिले तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

त्याच सुमारास त्याच गावची एक बाई रोज ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसू लागली. तिची विशीतली मुलगी केनवडच्या बाजाराला गेली ती परतली नव्हती. बेपत्ता म्हणून नोंद झाली होती. हवालदाराचे मत ठरलेले, पळून गेली असेल. तरुण मुलगी हरवली की आमच्या खात्याचे हे मत आधी तयार होते, तपास मागाहून. मी बाईला आत बोलावून मुलीची ओळखीची खूण विचारली. तिने आधी दाराकडे पाहिले.

"साहेब, पोरगी पायाळू हाये," ती म्हणाली. "आमी बौद्ध झालो तवापासून हे सारं सोडलं. पन लोकायनं नाई सोडलं."

हवालदाराची लेखणी थांबली. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याला जमिनीतले धन कळते, अशी समजूत. धन हाती लागावे म्हणून जमिनीला काय द्यावे लागते, याच्याही समजुती होत्या, त्या इथे लिहवत नाहीत. खड्डे आणि मुलगी ही दोन प्रकरणे नव्हती.

ओरखड्यांचे मला कोडे नव्हते. धरणाच्या कामावर बंदोबस्ताला असताना खोदणाऱ्या यंत्राच्या बादलीचे दात मी पाहिले होते. आमच्या भागात तसले यंत्र एकाकडेच होते. धरणावर मोडीत निघालेला खोदायचा लोखंडी हात लिलावात घेऊन त्याने आपल्या लहान ट्रॅक्टरला मागून जोडून घेतला होता. विहिरींची कामे करणारा, गोड बोलणारा गृहस्थ. त्याने चहा पाजला आणि स्वतः शेडमध्ये नेले. ट्रॅक्टर मोकळा उभा होता, तो हात कोपऱ्यात आपल्या पायांवर टेकलेला, वर पोती. हा चढवायचा तर चार माणसे, साखळी-कप्पी आणि अख्खा दिवस लागतो, दिवाळीपासून हात लावलेला नाही, असे तो म्हणाला. रात्रीतून लावायचा, खोदायचे आणि पुन्हा काढून ठेवायचा, हे होणारे नव्हते.

निघताना सवयीने ट्रॅक्टरखाली वाकून पाहिले. पोटाखालून एक लोखंडी चौकट मागेपर्यंत गेली होती आणि तिच्या भोकांत ताजे ग्रीस होते.

चौकशीत कळले, ती चौकट वाशिमच्या एका मुसलमान मिस्त्रीने केली होती. माणूस रागीट, पण बोलका. त्याने सांगितले की असा हात जोडायच्या दोन रीती. एक, मागच्या ॲक्सलला बोल्टांनी कायमचा आवळायचा. मग काढायला दिवस जातो. दुसरी, पोटाखाली चौकट बसवायची, मागे आकडे ठेवायचे, ट्रॅक्टर मागे घेऊन हात आकड्यांत अडकवायचा आणि पिना सारायच्या. एकट्याचे काम, चहा निवायच्या आत.

"म्या म्हटलं, तुमी विहिरीवाले, कायले काढता-घालता? खालीपिली इतकं लोखंड," मिस्त्री म्हणाला. "तं म्हने, पिन हातानं गेली पायजे. घनाचा आवाज नाई पायजे."

मळणीच्या दिवसांत रात्री ट्रॅक्टर वाजला तर कोणी कूस बदलत नाही. घणाचा आवाज मात्र गाव ओळखते.

वाशिमहून परतलो त्या सकाळी नवा खड्डा पडला नव्हता. गावाला हायसे वाटले. मला वाटले, खोदणाऱ्याला हवी ती जागा सापडली असावी. पंच घेऊन मी थेट शेडमध्ये गेलो, खुर्ची मागवली आणि त्याला म्हणालो, "चढवा तो हात. मला दिवसभर वेळ आहे."

मग मी काहीच बोललो नाही. साहेब ओरडू लागला की आरोपीला उत्तर जुळवायला सवड मिळते. गप्प बसला की मिळत नाही. तो पिनांकडे पाहत राहिला.

"बरी हाये ते, साहेब," तो हळूच म्हणाला. "तिले कायचीच कमती पडू देल्ली नाई."

त्याच्या शेतातल्या गोठ्यामागे कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा, भरायची खोली होती. कुलूप काढले. ती भिंतीला टेकून बसली होती. अंगावर नवे हिरवे लुगडे, हातभर बांगड्या, तळव्यांना हळद. पुढ्यात गोडाचे ताट तसेच. रडली नाही. आधी हळद धुवायला पाणी मागितले.

जबाबात तिने सांगितले, आईला मारून टाकीन अशी धमकी देऊन तो तिला दिवेलागणीला अनवाणी शिवारातून चालवायचा. पायाळूचा पाय भाजेल तिथे धन, अशी त्याची समजूत. तिचा पाय कधीच भाजला नव्हता.

"मीच जागा सांगे. दरखेपी गावाकडं जराशी सरकून," ती म्हणाली. "म्हटलं, कोनी तं पाह्यन. काल तो म्हने, आता येकच खड्डा. तो रिकामा नाई ठेवाचा."

त्याला शिक्षा झाली. मला एवढेच कळले की एखाद्या गोष्टीची सगळ्या गावाला भीती वाटू लागली, तर पोलिसाने आधी तिच्याकडेच चालत जावे. काहीतरी आपल्याकडे येत आहे, असे लोक म्हणत होते, आणि ते खरेच होते. एकेका खड्ड्याने ती मुलगी घराकडे येत होती, आणि आम्ही सगळे दारे लावून घेत होतो.