ज्याचा दोर, त्याचा माल

दहिसरची चाळ पाडायच्या आदल्या दिवशी लवूकाका गॅलरीत, स्वतःच्या बंद दाराला पाठ लावून बसले होते. तसलं दार अख्ख्या चाळीत दुसरं नव्हतं. जाड सागवानी, वर गोल काच, काचेभोवती पितळ. बोटीचं दार.

लवूकाका देवगडकडचे. त्यांचं गाव मासळीवर जगायचं आणि खडकावर फुटलेल्या बोटींवर त्याहून बरं जगायचं. बोट बुडाली की कंपनी गावाशी सौदा करी: लोखंड आमचं, बाकी काढाल ते तुमचं. मग गावचे पाणबुडे उतरत. शाळेची घंटा बोटीची, देवळातला दिवा बोटीचा, एका घरात तर माळ्यावर जायला बोटीचीच शिडी. भांडणं नकोत म्हणून कायदा एकच, आधी दोर बांधला त्याचा माल. लवूकाकांनी पुढे मुंबईतही बुडालेले बार्ज वर काढायचीच नोकरी केली. हे दार मात्र तरुणपणी गावी बुडी मारून काढलेलं आणि चाळीत खोली घेतली तेव्हा इथं आणून बसवलेलं. लग्न होऊन सुगंधाकाकू माप ओलांडून आल्या त्या याच दारातून.

आणि आता शिवदास भंगारवाला समोर उभा.

"काका, चाळीचं सगळं लाकूड मी बिल्डरकडून घेतलंय. उठा ना, यार."

"ह्यां चाळीचा नाय रे. समुद्राचा."

"मग समुद्राला फोन लावा!"

गॅलरी हसली. काका हसले नाहीत.

"शिवदास, तू दारूखान्याच्या बंदरात भंगार बोटी तोडलेला माणूस. दोराचो कायदो तुका ठावक आसा."

"आहे की. मोडत नाही मी तो. दाखवा दोर."

काकांचा चेहरा पडला. जन्मभर दुसऱ्यांच्या बोटींना दोर बांधले आणि घरच्या दाराला बांधायचं राहिलं! ते गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागले, तोच दार आत उघडलं आणि काका पाठीवर आडवे, थेट काकूंच्या पायाशी.

"नमस्कार मागसून करा," काकू म्हणाल्या. "शिवदास, आतली कडी बघ."

कडीला निळी दोरी. कपडे वाळत घालायची.

"सकाळीच बांधलंय. ह्यांचो काय भरवसो!"

शिवदासनं गाठ ओढून पाहिली. ती अजूनच आवळली. "पाणबुड्यांची गाठ! काकू, तुम्हाला कोणी शिकवली?"

"ह्यांनीच. नव्या नवरीक. दुसरा येत काय व्हता ह्यांका?"

गॅलरीत शिट्ट्या. जमिनीवर पडल्या पडल्या काका लाजले.

शिवदासनं हात जोडले, बिजागऱ्या स्वतः खोलल्या आणि दार स्वतःच्या टेम्पोतून बोरिवलीच्या भाड्याच्या घरी पोचवलं. घरमालकाला पटवून ते झोपायच्या खोलीला बसवलंय. निळी दोरी काकू सोडू देत नाहीत.

रोज दुपारी जेवून काका आडवं व्हायला जातात आणि गोल काचेवर टकटक करतात.

"येव काय गो?"

"दार कोणाचा?"

"तुझा, बाय."

"मगे ये."