बा ताडावरून पडला नव्हता

डॉक्टरने माझ्या बापाच्या डोक्यावरचा फडका काढला आणि कवटीतल्या खळग्यावर छडी टेकवली.

"इथे. हाड आत गेलंय."

समोर डहाणूचे आणि मुंबईहून आलेले डॉक्टर खुर्च्यांवर बसलेले. बा लंगोटीवर, टेबलावर बसवलेला. मी शेजारी, खाली. तलासरीच्या शाळेत चार इयत्ता शिकले होते, म्हणून मला दुभाषी केलेलं.

"याला नाव विचार."

मी वारलीत विचारलं. बाने तोंड उघडलं. नुसती लाळ आली. डोक्याला मार बसल्यापासून त्याची वाचा गेली होती. पण कळायचं सगळं. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. बाने मान खाली घातली.

डॉक्टर खुर्च्यांवरच्यांना म्हणाला, "दारू पिऊन ताडावरून पडला. या लोकांत नेहमीचंच."

आमचं भात कापणीला आलं होतं, म्हणून बा जमीनदार शेठचं गवत वेठीवर कापायला गेला नाही. शेठच्या मुकादमाने आमच्या खळ्यात येऊन कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचं डोकं फोडलं. माझ्यासमोर. दवाखान्यात आणला तेव्हा मी हेच सांगितलं होतं. याच डॉक्टरला.

"पडला नाही. शेठच्या माणसाने मारला. तुला सांगितलेलं मी."

कंपाउंडर अंगावर आला. "साहेबांना तू म्हणतेस?"

आमच्यात सगळ्यांनाच तू म्हणतात.

डॉक्टर चिडलासुद्धा नाही. "कोणी मारलं, याच्याशी मेंदूला काय करायचंय? याच्यावरचा माझा लेख छापायला गेलाय. तू सांगितलं तेवढं कर. याला हात वर करायला सांग."

मी बाला म्हटलं, "बा, उतर. घरी जाऊ."

त्याने माझ्या खांद्याला धरलं आणि उतरला. डॉक्टरच्या हातातला फडका मी ओढून घेतला. मागून कंपाउंडर शिव्या देत होता. आम्ही चालत राहिलो.

लेख छापून आला. आमच्या गुरुजींनी वाचून दाखवला. त्यात फोटो बाचा, नाव डॉक्टरचं आणि कारण दारू. असे लेख लिहून तो मोठा झाला. मुकादम मोकळा फिरला. बा दोन पावसाळे काढून गेला.

आता आमच्या पाड्यांत कोणाचं डोकं फोडलं की मी बरोबर जाते. मारणाऱ्याचं नाव सांगते. कागदावर उतरेपर्यंत डॉक्टरसमोरून हलत नाही. हाकलतात. पोलिसांना बोलावू म्हणतात.

बोलाव. त्यांनाही तेच नाव सांगेन.